मागच्या इंजिनाचा डायव्हर

तो माणूस माझ्याशी कधी समोरून बोललाच नाही. रामनगरच्या नाक्यावर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाला पुढून दार होतं, दार सताड उघडं असायचं, दारात गिऱ्हाइकाला बसायला स्टूल ठेवलेलं होतं. पण नाही! मी हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न घेऊन, श्वास रोखून एखाद्या ट्रान्झिस्टरच्या पोटात डोकं घातलेलं असायचं, आणि माझ्या मागच्या खिडकीतून, मानेपासून वीतभर अंतरावरून आवाज यायचा, "काय गा रेडिओ, काय करूलालास?"

माझ्या डाव्या अंगठ्यावर आजही भाजल्याचे चार डाग आहेत. चारही त्याच माणसाचे.

राग आला की मी त्यांना 'तो माणूस' म्हणतो. एरवी मामा. सगळं रामनगर त्यांना मामाच म्हणायचं. पाठीमागे 'ढकल्या' म्हणायचं, पण तेसुद्धा प्रेमानं, असं म्हणणाऱ्यांचं मत होतं.

गोव्याकडून येणारी गाडी कॅसलरॉकचा घाट चढायची, तर एका इंजिनाचं ते काम नव्हतं. पुढे एक इंजिन ओढायला आणि मागे एक ढकलायला. मामांनी पस्तीस वर्षं मागचं इंजिन चालवलं. गाडी कॅसलरॉकला पोचली की पुढचं इंजिन चहाच्या स्टॉलसमोर ऐटीत थांबायचं. मामांचं इंजिन फलाटाच्या बाहेर, झाडीत, जळवांच्या राज्यात. चहा तिथवर पोचेपर्यंत गार. मग मागचं इंजिन सोडून घ्यायचे, गाडी लोंढ्याला, बेळगावला, कुठं कुठं निघून जायची आणि मामा परत उलटे घाटाखाली. म्हणजे बघा, पस्तीस वर्षांत या माणसानं एक गाडी तिच्या मुक्कामाला पोचवली नाही. सगळ्या अर्ध्या वाटेवर सोडल्या.

बरं, पुढच्या इंजिनावर जायचा त्यांचा नंबर दोनदा लागला होता. दोनदा त्यांनीच नको म्हटलं.

"मी म्होरं गेलो तर मागं कोण? नवे लोक धक्के देत्यात गा. डब्यातल्या बायकांच्या मांडीवरचे डबे सांडत्यात."

ठीक आहे, डबे वाचवलेत, आता आयुष्यभर गप्प बसा! पण तेही नाही. कॅसलरॉकच्या स्टॉलवरचा तो गरम चहा आपल्याला मिळाला नाही, ही गोष्ट ते निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी दररोज गरम चहा पिता पिता सांगायचे.

ढकलणं त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की बांधावरून चालताना ते सगळ्यांत मागे. लग्नात शेवटच्या रांगेत. आमच्या नाक्यावर एस.टी. बंद पडली की कंडक्टर सरळ मामांना हाक मारायचा. मामा यायचे, गाडीच्या मागे उभे राहायचे, तिला बैलासारखं दोनदा थोपटायचे, आणि धक्का मारणाऱ्यांना सांगायचे, "एकदम न्हाई. आधी टेकायचं. मग वजन टाकायचं. गाडीला कळाय नको आपण ढकलतोय म्हणून." आणि गाडी सुरू व्हायची. खरंच व्हायची. मला हे कबूल करायला आवडत नाही.

तर हा माणूस त्रेसष्टाव्या वर्षी हेलिकॉप्टर उडवायला शिकला, आणि त्यापायी माझी दोन वर्षं मातीत घातली. त्याची ही तक्रार आहे.

सगळं सुरू झालं हॉटेलात. मामांच्या समोरच्याच घरात त्यांचे जुने सोबती राहायचे, पुढच्या इंजिनाचे डायव्हर. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. मामा मात्र त्यांना तोंडावर 'म्होरला' म्हणायचे. आण्णांच्या मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. संध्याकाळी हॉटेलात पुढच्या बाकावर बसून ते घाटाच्या गोष्टी सांगायचे. मागच्या बाकावर मामा.

"असा पाऊस, हात दिसत न्हवता. रूळ साबणावानी. तरी मी गाडी वर घेतली."

मागून आवाज, "आम्ही."

"दुसऱ्या बोगद्यात चाकं फिराय लागली जाग्यावर. मी वाळू सोडली, आणि गाडी वर घेतली."

"आम्ही."

असं पाच वर्षं चाललं होतं. लोक भज्यांबरोबर हेही खायचे. पण एके दिवशी आण्णांचं डोकं फिरलं. ते बाकावरून वळले. "आम्ही, आम्ही! काय आम्ही? म्होरं काय हाय ते ज्यानं कधी बघितलं न्हाई, त्यो कसला डायव्हर? त्यो हमाल!"

मामांनी हातातली बशी खाली ठेवली. ते उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या बाकासमोर जाऊन उभे राहिले.

"म्होरल्या, मी एकटा एक मशीन म्होरं घालतो. म्होरं कोण न्हाई, मागं कोण न्हाई. आणि नुसतं म्होरं घालत न्हाई, माझ्याकडं तोंड करून परत आणतो आणि उतरवतो. मग काय म्हणशील?"

"मग डायव्हर म्हणीन."

"तोंडानं?"

"लिहून देईन!" आण्णांनी बाकावर हात आपटला.

मला वाटलं, हा माणूस आता स्कूटर शिकणार. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगठ्यावर पाचवा डाग पडता पडता वाचला. मागच्या खिडकीतून एक खोका आत आला, पाठोपाठ मामांचं तोंड.

मामांचा जावई जहाजावर होता. त्यानं जपानहून एक हेलिकॉप्टर आणलं होतं; हातभर लांब, खऱ्या इंजिनाचं, हातातल्या रेडिओच्या पेटीवर चालणारं. सासऱ्यांना शोभेची वस्तू म्हणून दिलं. दोन वर्षं ते शोकेसमध्ये, गोव्याहून आणलेल्या शंखांच्या शेजारी, धूळ खात होतं.

"मामा, हे माझ्याकडे कशाला?"

"खोक्यावर काय लिवलंय? रेडिओ. तुझ्या पाटीवर काय लिवलंय?"

मी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं.

बरोबर एक इंग्रजी पुस्तक होतं. ते मी शब्दकोश घेऊन वाचून दाखवायचं, असं ठरलं. मला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्याच पानावर होतं, नवशिक्यांसाठी सूचना.

"नवशिका कोण?" मामा म्हणाले.

"तुम्ही."

"पस्तीस वर्षं सर्व्हिस झाल्याली हाय माझी. म्होरलं पान घे."

पुढच्या पानावर लिहिलं होतं की सुरुवातीचे काही दिवस यंत्र जमिनीवरून उचलूच नये, नुसतं हलकं करून सरकवायला शिकावं. हे मात्र मामांना फार पटलं. नियम म्हटला की त्यांचा चेहरा उजळायचा. 'काही दिवस' लिहिलं होतं, त्यांनी तीन महिने केलं! हेलिकॉप्टर खाली कलंडू नये म्हणून त्याच्या पायांना वेताच्या दोन काठ्या आडव्या बांधल्या, काठ्यांच्या टोकांना चार प्लॅस्टिकचे चेंडू लावले, आणि तीन महिने ते प्रकरण भाताच्या मोकळ्या शेतात खेकड्यासारखं सरकत होतं. त्याच्या इंधनात एरंडेल मिसळलेलं असायचं. ते जळालं की सगळ्या शिवारात औषधाचा वास सुटायचा. शेताचा मालक बांधावर बसून म्हणायचा, "मामा, आज सकाळपास्नं तिसऱ्यांदा डबा घेऊन जाऊलालोय बगा, नुसत्या वासानं."

आणि मी? मी कुठं होतो? मी शेताच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात, तोंडात शिट्टी घेऊन उभा होतो.

हे नीट सांगायला हवं, कारण इथंच माझी खरी बेअब्रू झाली. घाटात मागच्या डायव्हरला पुढचं काही दिसत नाही. पुढचं इंजिन शिट्टी देतं, मागचं शिट्टीनंच उत्तर देतं, मगच दोघं मिळून जोर लावतात. एक लांब शिट्टी म्हणजे निघू का. मागून एक लांब, म्हणजे नीघ. आणि आखूड, आखूड, आखूड अशा लागोपाठ शिट्या म्हणजे धोका, सगळं बंद. पस्तीस वर्षं शिट्टीशिवाय ज्यानं हात हलवला नाही तो माणूस आता शिट्टीशिवाय हेलिकॉप्टर कसं उचलणार? माझ्याकडे शाळेत असताना कबड्डीचा पंच म्हणून मिळालेली पितळी शिट्टी होती, हे मी एकदा बोलून गेलो होतो. बोलण्याचा शौक मला नडतो.

शेत रस्त्याला लागून. माझी गिऱ्हाइकं सायकल थांबवून बघायची. एक प्रतिष्ठित दुकानदार बांधावर उभा राहून लांब शिट्टी मारतोय, समोरून एक म्हातारा तोंडानंच 'कूऽऽ' करून उत्तर देतोय आणि मध्ये चार चेंडूंचा एक किडा गुरगुरतोय. "रेडिओवाले, माझा मर्फी झाला काय?" असं कुणी ओरडलं की मी शिट्टी तोंडातून न काढता मानेनं 'नाही' म्हणायचो.

प्रत्येक उड्डाणाची नोंद व्हायची. मामांनी शाळेच्या वहीत पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले होते. वारा, शिट्टी, घटना, चालक. शिट्टीच्या रकान्यात माझं नाव. घटनेच्या रकान्यात बहुधा 'पडलं'. चालकाचा रकाना कोरा.

"मामा, इथं तुमचं नाव लिहायचं राहिलं."

"राहू दे."

"पण चालवलं तुम्हीच की."

"ते अजून ठरायचंय," म्हणाले आणि वही मिटली. पुढची दोन वर्षं, पानामागून पानं, तो रकाना कोराच राहिला. मी दिवाळीला एकदा गुपचूप पेन्सिलनं नाव लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी रबरानं खोडलेलं.

पडायचं का, तेही ऐका. यंत्रात काही दोष नव्हता. दोष होता त्या माणसाच्या हातात, आणि त्या हाताला तो अभिमानानं सर्व्हिस म्हणायचा. मामांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "शंका आली की बंद." घाटात ते बरोबरच आहे. काही वेडंवाकडं वाटलं की वाफ तोडायची, ब्रेक लावायचा, गाडी उभी करायची, मग विचार करायचा. पण हवेत उभं कुठं करणार? हेलिकॉप्टर कमरेइतकं वर गेलं, जरा डुललं की मामांना शंका यायची आणि डावा अंगठा दांडी खाली ओढायचा. सगळं बंद! आणि बंद झालेलं हेलिकॉप्टर म्हणजे दगड.

शेतमालक खड्डा बघून म्हणायचा, "नांगरट झकास झाली मामा. आता उडीद टाकू काय?"

प्रत्येक वेळी पाती तुटायची. नवी पाती आमच्या सुतारानं शिवणीच्या लाकडाची घडवली आणि दोन्ही अगदी सारख्या वजनाची झालीत का ते सोनाराच्या तराजूत बघितलं. सोनार म्हणाला, "चाळीस वर्षांत या तराजूत लाकूड चढलं न्हवतं." वाटाघाटी करायला, अर्थात, मी.

मी मामांना हात जोडून सांगायचो, "मामा, शंका आली तर बंद करू नका. थोडा जोर वाढवा. वर न्या."

"धोका दिसल्यावर जोर वाढवायचा? तू माझी नोकरी घालवणार रेडिओ!"

"तुमची नोकरी संपून पाच वर्षं झाली!"

"म्हणून काय काहीबी करायचं?"

शेवटी मीच एक केलं. धोक्याची शिट्टी द्यायचीच बंद केली. काही झालं तरी, हेलिकॉप्टर कोलांट्या मारायला लागलं तरी, मी आकाशाकडे बघत उभा राहायचो. शिट्टी ऐकू येत नाही म्हणजे धोका नाही, अशी मामांची हळूहळू समजूत होत गेली. पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी ते हेलिकॉप्टर, शेपूट मामांकडे आणि तोंड माझ्याकडे, कमरेइतक्या उंचीवर उभं राहिलं. हलेचना. खाली धसकटं थरथरत होती, एरंडेलाचा धूर वाकून पळत होता, आणि मध्ये ते यंत्र, झोपलेल्या मुलाखाली मांडी धरावी तसं कुणीतरी खालून धरलेलं. मामांचे अंगठे हलताना दिसतच नव्हते. पाच मिनिटं! माझ्या तोंडातून शिट्टी पडली. मला त्या क्षणी त्या माणसाचा राग आठवेना, याचा मला नंतर फार राग आला.

पण मागून ढकलणं ते जन्मभर करतच आले होते. पैज होती तोंड करून परत आणण्याची, आणि तिथं सगळं घोडं अडलं. हेलिकॉप्टर आपल्याकडे वळलं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं. दांडी जिकडे दाबावी त्याच्या उलट ते जातं. ही अडचण सगळ्यांनाच येते, पुस्तकात तसं लिहिलंच होतं. मामांची अडचण निराळी होती. इंजिनाचं तोंड आपल्याकडे येताना दिसणं, याचा त्यांच्या धंद्यात एकच अर्थ होता, टक्कर. हेलिकॉप्टर वळायला लागलं की मामांचा रंग उतरायचा आणि अंगठा खाली. दर वेळी. मी शिट्टी देवो न देवो. वहीत 'पडलं, पडलं, पडलं'.

मग पावसाळा आला. आमच्याकडचा पावसाळा, चार महिने शेतात तळी. मला वाटलं, सुटलो. तर मामांनी पडवीत सराव सुरू केला. इंजिन बंद. हेलिकॉप्टर मामींच्या हातात. मामांनी हातातल्या पेटीची दांडी हलवायची, मी ओरडून दिशा सांगायची आणि मामींनी ते यंत्र उचलून त्याप्रमाणे पडवीभर फिरायचं. मामी गुडघ्यांनी हैराण, पण नवऱ्याची पैज. तोंड पलीकडे करून जात, भिंतीशी वळत, तोंड अलीकडे करून येत.

"डावीकडं! डावीकडं म्हटलं न्हवं!" मामा ओरडायचे.

"माझं डावं का तुमचं?"

"हेलिकॉप्टरचं!"

"त्याला इचारा मग!" मग माझ्याकडे वळून, धाकट्या भावाला हाक मारावी तसं, मामी म्हणायच्या, "बघितलंस तम्मा? पस्तीस वर्षं संसार केला, ह्यांनी कधी माझ्याकडं तोंड करून दोन शब्द बोलले न्हाईत. पाठीमागनं हाक, पाठीमागनं हुकूम. आता मी तोंडाकडनं येऊलाले तर ह्यांना घाम फुटूलालाय."

आणि खरंच घाम फुटलेला असायचा. मामी हेलिकॉप्टर घेऊन हसत समोरून यायच्या आणि हा माणूस पेटी खाली ठेवून म्हणायचा, "बंद."

दुसऱ्या पावसाळ्यात एके दिवशी मामी कंटाळल्या. हेलिकॉप्टर उजवीकडे कलतं धरून तिथंच उभ्या राहिल्या. "आता हे पडूलालंय. काय कराल?"

"उजवं... न्हाई, डावं... थांब, रेडिओ, पुस्तकात काय लिवलंय?"

"पुस्तक ऱ्हाऊ दे. मूल चालाय शिकतंय, तुमच्याकडं येऊलालंय. ज्या अंगाला कलतंय त्या अंगाला तुम्ही हात घालता का न्हाई? तेव्हा इचारता काय त्याला, तुझं डावं कुठलं म्हणून?"

मामांनी हळूच दांडी, यंत्राची जी बाजू खाली झुकली होती, त्या बाजूला सरकवली. जणू खालून टेकू देताहेत.

"टेकायचं," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे हे बी ढकलणंच की गा."

"मग? दुसरं काय येतंय तुम्हांला?" मामी म्हणाल्या आणि हेलिकॉप्टर माझ्या हातात देऊन भाकऱ्या थापायला गेल्या.

पुस्तकाच्या एकशे दहा पानांत जे मला सापडलं नाही ते त्या बाईंनी परातीजवळ जाता जाता सांगितलं. माझं शब्दकोशात घातलेलं आयुष्य मला कोण परत देणार?

तिसऱ्या उन्हाळ्यात, होळीच्या आधीच्या रविवारी, मामांनी आण्णांना शेतावर बोलावलं. आण्णांबरोबर अख्खं हॉटेल आलं, मामीही आल्या. मामांनी इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता. तोवर तोंडाकडून आणणं सरावात तीनदा जमलं होतं आणि चारदा फसलं होतं. मामींनी घरून निघताना दही दिलं होतं, ते मिशीला तसंच.

मी आपला पलीकडच्या बांधावर शिट्टी घेऊन उभा. तेवढ्यात आण्णा माझ्याकडे आले.

"ह्याला शिट्टी तू मारणार?"

"दोन वर्षं मीच मारतोय."

"आण हिकडं. म्होरली शिट्टी माझी हाय." माझ्या हातातून, ऐका, माझ्या हातातून शिट्टी काढून घेतली, धोतराला पुसली आणि तोंडात धरली. मी त्यांना सांगणार होतो की एक काम करा आण्णा, धोक्याची शिट्टी तेवढी देऊ नका. पण ऐकायला ते थांबले कुठं!

एक लांब शिट्टी. माझ्या फुंकरीत आणि त्यात जमीन-अस्मानाचं अंतर होतं, हे मला मान्य करावं लागेल. पलीकडे मामा दचकले. ही शिट्टी त्यांनी सात वर्षं ऐकली नव्हती. मग तिकडून उत्तर आलं, "कूऽऽऽ." आणि हेलिकॉप्टर उचललं.

शेपूट मामांकडे ठेवून ते शेताच्या मधोमध आलं. थांबलं. मग हळूहळू वळायला लागलं. आधी बाजू दिसली, मग काच दिसेनाशी झाली, मग आमच्याकडे शेपूट. आता त्याचं तोंड मामांकडे होतं. ते मामांकडे निघालं.

अर्ध्या वाटेवर वारा आला. यंत्र एका अंगाला कललं आणि तसंच तिरकं, वेगानं, सरळ मामांच्या डोक्याच्या दिशेनं सुटलं. माझ्याशेजारी आण्णांच्या घशातून काहीतरी आवाज आला, आणि मग शिट्टी. आखूड, आखूड, आखूड, आखूड! ते पैज विसरले होते. मागे आपला माणूस आहे आणि पुढे धोका आहे, एवढंच त्या शिट्टीत होतं.

मी डोळे मिटले. दगड पडल्याचा आवाज ऐकायला.

आवाज आला नाही. इंजिन वाजतच होतं. डोळे उघडले तर हेलिकॉप्टर मामांपासून चार हातांवर, त्यांच्या छातीइतक्या उंचीवर, तोंड त्यांच्या तोंडाकडे करून उभं होतं. दोघं एकमेकांकडे बघत होते. शिट्टी अजून कोकलत होती. मामांनी ते हळूहळू खाली आणलं, चारही चेंडू एकदम टेकले, आणि इंजिन बंद केलं.

लोक ओरडले, टाळ्या. शेतमालकानं टोपी उडवली. मी धावत गेलो. मला वाटलं मामा मला मिठी मारतील. ते बांधावर मटकन बसले होते.

"शिट्टी कुणी मारली?"

"मी." आण्णा धापा टाकत पोचले होते. "तुझ्या डोक्यावर येऊलालतं की गा!"

"धोक्याची मारलीस?"

"व्हय."

"मी ऐकली," मामा म्हणाले. "ऐकली आणि थांबलो न्हाई." ते आण्णांकडे वळले. "म्होरल्या, पस्तीस वर्षांत एक शिट्टी मोडली न्हवती मी."

"अरे पण जिंकलास की, यड्या!"

"रेडिओ, वही आण."

टाळ्या थांबल्या. त्या माणसानं सगळ्या गर्दीपुढे, भर उन्हात, स्वतःविरुद्ध रिपोर्ट लिहिला! घटनेच्या रकान्यात, वाचून दाखवत: 'धोक्याची शिट्टी असताना मशीन थांबवले नाही. मशीन सुरक्षित उतरले.' आणि खाली: 'शिक्षा, कायमचे कामावरून कमी.' मी ओरडलो, लोक ओरडले. मामी दुरून "सुम्म बसा की आता, गप!" म्हणाल्या. काही उपयोग झाला नाही. त्या दिवसानंतर त्या माणसानं त्या पेटीला हात लावला नाही. दोन वर्षं शिकून, जमलं त्याच दिवशी बंद! आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मी, ज्यानं तिची प्रत्येक तार जोडली, त्या मी एकदा, फक्त एकदा, विचारलं होतं, "मामा, दोन मिनिटं मी उडवू?" तर म्हणाले होते, "तुझं ट्रेनिंग शिट्टीचं झालंय." ते हेलिकॉप्टर परत शंखांच्या शेजारी गेलं. फक्त आता त्याचं तोंड मामांच्या खुर्चीकडे होतं.

पण ते नंतर. त्या दुपारी रिपोर्ट लिहून झाल्यावर मामांनी वही आणि पेन आण्णांपुढे धरलं. "साक्षीदार म्हणून सही कर. शिट्टी तुझी होती."

आण्णांनी चष्मा लावला. वही मागे चाळली. दोन वर्षांची पानं, कोऱ्या रकान्यासकट, त्यांनी सावकाश बघितली. मग शेवटच्या पानावर आले. सही केली. आणि कुणी काही न सांगता, चालकाच्या रकान्यात मामांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. त्यापुढे स्वल्पविराम देऊन लिहिलं, 'डायव्हर'.

मामांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरून बसले. मग म्हणाले, "अक्षर लई घाण हाय गा तुझं."

"हमालाच्या हाताचं न्हाई, एवढं बघ," आण्णा म्हणाले आणि दुसरीकडे तोंड करून नाक शिंकरलं.

घरी निघालो. बांध अरुंद, एकामागे एक जायचं. आण्णा बांधाच्या तोंडाशी थांबले आणि बाजूला झाले. "हो म्होरं. आज तू."

मामांनी हेलिकॉप्टर काखेत धरलं होतं. त्यांनी पुढची मोकळी वाट बघितली. मग मान हलवली. "न्हाई गा. मी म्होरं गेलो तर मागं कोण?"

आणि ते जाऊन सगळ्यांच्या शेवटी, मामींच्याही मागे, उभे राहिले. आण्णा पुढे झाले. दोन पावलं चालून ते थांबले, मागे न बघता शिट्टी तोंडाला लावली आणि एक लांब शिट्टी दिली. शिवारावरून ती पार रस्त्यापर्यंत गेली. शेवटून उत्तर आलं, "कूऽऽऽ." मग रांग हलली.

ती शिट्टी माझी होती. पितळेची, शाळेत मिळालेली. ती अजून मला कुणी परत दिलेली नाही.